झाड न लावणारं शिबिर

उन्हाळी सुट्टीत तरुणांचं निसर्गसंवर्धन शिबिर घ्यायचं ठरलं की कार्यक्रमपत्रिकेतली पहिली ओळ बहुधा ठरलेली असते: वृक्षारोपण. पाहुणे येतात, खड्ड्यात रोप ठेवताना फोटो निघतो, अहवालात आकडा जातो. रायगडच्या किनारपट्टीवर, म्हणजे अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांत, मे महिन्यात हा कार्यक्रम करणं म्हणजे रोप मरेल याची पुरेपूर व्यवस्था करणं. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला असला तरी तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी राहते. मोसमी पाऊस इथे साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोचतो. १० मे रोजी लावलेल्या रोपाला त्यामुळे निदान महिनाभर पाणी घालावं लागणार, आणि पाणी घालणारे हात तर शिबिर संपताच एसटीत बसून घरी गेलेले असतात. जांभ्याच्या माळावर असा महिना रोप काढत नाही. म्हणून या प्रकरणाचं म्हणणं असं आहे, की उन्हाळी शिबिराच्या प्रमुखाचं पहिलं काम नाही म्हणण्याचं आहे. तो कोणती कामं वगळतो यावरून त्याची जाण कळते. जी कामं उरतील ती मे महिन्यातच करण्याजोगी हवीत, शिबिराच्या मुदतीत तडीस जाणारी हवीत, आणि नवख्या हातून चुकली तरी निस्तरता येतील अशी हवीत. या तिन्ही चाळण्यांतून फार थोडी कामं खाली उतरतात, पण उतरतात ती मोलाची असतात.

आकड्यांचा मोह फक्त शिबिरांनाच आहे असं नाही. महाराष्ट्र शासनाने २०१६ च्या जुलैत दोन कोटी झाडांचा संकल्प केला, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. शेवटच्या तीन वर्षांची बेरीज ५० कोटी. ही मोहीम निदान पावसाळ्यात तरी होती. तरीही पुढे चर्चा रंगली ती लावलेल्या झाडांपैकी जगली किती याचीच, आणि चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. वाद कोणी जिंकला हा इथला विषय नाही. लागवडीचा आकडा एका दिवसात मिळतो; जगण्याचा आकडा मिळायला तीन पावसाळे आणि तीन उन्हाळे जावे लागतात, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. मधल्या काळात निंदणी करायची असते, मेलेल्या रोपांच्या जागी नांगे भरायचे असतात, गुरं आवरायची असतात, वणवा रोखायचा असतो. वनखात्याच्या लागवडीत या देखभालीचा हिशेब काही वर्षांसाठी धरलेला असतो. सात दिवसांच्या शिबिरात तो कुठेच नसतो, आणि असणं शक्यही नाही.

श्रमाच्या शिबिरांची महाराष्ट्रातली परंपरा मोठी आहे आणि तिच्याकडून शिकण्यासारखंही खूप आहे. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तीही मे महिन्यातच, विदर्भाच्या उन्हात. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना आली आणि सात दिवसांचं विशेष शिबिर महाविद्यालयांच्या अंगवळणी पडलं. रायगडात साने गुरुजींच्या नावाचं राष्ट्रीय स्मारक माणगाव तालुक्यात वडघरला आहे, पनवेलजवळ ताऱ्याला युसूफ मेहेरअली सेंटर आहे. प्रमुखाला ‘दादा’ किंवा ‘ताई’ म्हणण्याची, सकाळी श्रमदान आणि संध्याकाळी गटचर्चा करण्याची रीत या भागाला नवी नाही. रीत चांगली आहे. फक्त तिच्यात घालायचं काम दुसरीकडून उचलून आणू नये. २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली, आणि पुढच्या काही उन्हाळ्यांत हजारो तरुणांनी दुष्काळी गावांत समतल चर खोदले. तिथे ते योग्यच होतं, कारण तिथे तुटपुंजा पाऊस अडवायचा होता. कोकणच्या तीव्र उतारांवर गणित उलटं आहे. जुलैत इथली माती आधीच पाण्याने फुगलेली असते. तिच्यात आणखी पाणी मुरवणारे चर, तेही वस्तीच्या वरच्या अंगाला, भूगर्भतज्ज्ञाला न विचारता खोदणं हा धोका आहे. दरडींनी ज्या जिल्ह्यात गावं गाडली गेली, तिथे शिबिराच्या प्रमुखाने कुदळ हाती देण्यापूर्वी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मग मेमध्ये करायचं काय? मुरूड आणि रोह्याच्या मधलं फणसाड अभयारण्य उदाहरणाला घेऊ. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं हे शिकारीचं राखीव रान. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९८६ मध्ये जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. शेकरू, बिबट्या, सांबर, भेकर, आणि झाडांवरून झाडांवर लांबच लांब गेलेल्या गारंबीच्या वेली ही त्याची ओळख. या जंगलात ठिकठिकाणी पाण्याच्या जागा आहेत. त्यांना इथे ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, धरणगाण, फणसाडगाण ही त्यांची नावं. पावसाळ्यात उतारावरून माती आणि पाला वाहून येतो आणि गाणीत बसतो. वर्षागणिक खोली कमी होते आणि पाणी एप्रिलअखेरीसच तळाला जातं. हा गाळ काढायला पाणी सर्वांत कमी असताना, म्हणजे मेमध्येच, उतरता येतं. खोदकामाची अक्कल फारशी लागत नाही. घमेलं हातोहात पुढे सरकवायला पंचवीस माणसांची रांग लागते, आणि ती रांग दोन-तीन सकाळींपुरतीच लागते. खात्याकडे वनरक्षक आणि वनमजूर असतात, पण एकाच वेळी पंचवीस हात नसतात. नेमकी हीच उणीव शिबिर भरून काढू शकतं. काम पूर्ण झालेलं डोळ्यांना दिसतं, आणि पुढच्या जूनमध्ये पाऊस ते तपासून पाहतो.

पण याच कामात प्रमुखाची कसोटीही आहे. पाणी तळाला गेलेलं असताना जनावरंही त्याच पाण्यावर येतात. सांबर आणि भेकर पहाटे आणि सांजवेळी येतात. माणसांना उन्हामुळे काम करायचं असतं तेही पहाटे आणि सांजवेळीच. दोघांच्या वेळा एकमेकींवर चढल्या तर मागे जनावराने सरायचं की शिबिराने, याचं उत्तर उघड आहे. म्हणजे काम उजाडल्यावर, साधारण सात वाजता सुरू करायचं, साडेदहाला थांबवायचं, आणि संध्याकाळी गाणीकडे फिरकायचं नाही. परिसरात दुसरं पाणी शिल्लक असेल तरच एखाद्या गाणीला हात लावायचा. गाळ उपसताना तळाशी अंग आखडून बसलेले बेडूक निघतात, ते बाजूच्या ओल्या चिखलात सोडायचे. गाळ काठावरच टाकला तर पहिल्याच सरीत तो परत आत येतो. तो उताराच्या खालच्या अंगाला नेऊन पसरायचा. आणि हे सगळं वनक्षेत्रपालांच्या लेखी परवानगीने, कारण अभयारण्यात विनापरवाना पाऊल टाकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग हेतू कितीही पवित्र असो.

वगळायच्या कामांत एक आकर्षक काम रानमोडी उपटण्याचं आहे. ही परदेशी वनस्पती कोकणभर पसरली आहे, ती काढावी यात दुमत नाही. पण ती हिवाळ्यात फुलते आणि मार्चपर्यंत तिचं बी वाऱ्यावर उडून गेलेलं असतं. मेमध्ये जमीन इतकी घट्ट असते की ओढल्यावर खोड हाती येतं आणि मुळं जागेवर राहतात. पावसाबरोबर त्यांना दुप्पट फुटवे येतात. हेच काम जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या मातीत, फुलण्याआधी केलं तर झुडूप मुळासकट निघतं. उन्हाळी शिबिराने रानमोडी उपटली तर घाम खरा आणि काम खोटं. खड्डे खोदण्याचं तसं नाही. पावसाआधी खड्डे उघडून माती तापू देणं ही जुनी आणि योग्य पद्धत आहे. मात्र प्रमुखाने आकारमानाचा हिशेब करावा. ३० सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीच्या खड्ड्यातून २७ लिटर माती निघते. ४५ सेंटिमीटरच्या खड्ड्यातून ९१ लिटर. आकार दीडपट, काम तिप्पट-चौपट. जांभ्यात ती माती नसतेच. पहारीने फोडलेला सुमारे दीडशे किलो मुरूम असतो. एका मुलाने दिवसाला दहा मोठे खड्डे खोदायचे असं उद्दिष्ट टेबलावर बसून ठेवणाऱ्याने एक खड्डा आधी स्वतः खोदून पाहावा. तिघांनी मिळून दोन खड्डे नीट खोदावेत, वरची काळपट माती एका अंगाला आणि खालचा मुरूम दुसऱ्या अंगाला ठेवावा, म्हणजे भरताना सुपीक माती मुळांशी जाते. हे कळलेला मुलगा शंभर खड्डे मोजणाऱ्यापेक्षा उपयोगाचा.

किनाऱ्यावर वगळण्याची यादी आणखी लांबते. हरिहरेश्वर, दिवेआगर, मारळ या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात आणि पिल्लं फेब्रुवारीपासून मेपर्यंत बाहेर पडतात. बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेलं संवर्धन आता सर्वांना ठाऊक आहे. त्याचा कणा गावातले कासवमित्र आहेत. अशा किनाऱ्यावर स्वच्छता करायची तर हाताने, वेचून. लांब दात्यांच्या दाताळ्याने वाळू ओढणं म्हणजे नजरेतून सुटलेलं एखादं घरटं उकरणं, आणि वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल ‘कचरा’ समजून उपटणं म्हणजे किनाऱ्याचा बांधच काढणं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि सुरूची बनं झोपली. तेव्हापासून किनाऱ्यावर पुन्हा सुरू लावण्याची हौस शिबिरांना फार आहे. सुरूची दाट रांग भरतीरेषेपर्यंत आली की कासवाला अंडी घालायला मोकळी वाळू उरत नाही, म्हणून हे कामही स्थानिक वनाधिकाऱ्याशिवाय ठरवू नये. कांदळवनाची गोष्ट त्याहून सोपी: तिवराचं बी पावसाळ्यात तयार होतं, त्यामुळे मेमध्ये लावायला काही नसतंच. श्वसनमुळांमध्ये अडकलेलं प्लॅस्टिक आणि तुटकी जाळी काढणं हेच तिथलं उन्हाळी काम.

त्या कामाची वेळ घड्याळ ठरवत नाही, तिथी ठरवते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो, हा हिशेब कोळीवाड्यातल्या पोरालाही येतो. अष्टमी असेल तर सहा वाजता पूर्ण भरती, एकादशीला सव्वाआठ, पंचमीला पावणेचार. तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पंचमीला पहाटे पावणेचारला भरती आणि सकाळी पावणेदहाला पूर्ण ओहोटी. आठ ते साडेदहा ही कांदळवनातली सुरक्षित वेळ. एकादशीला सकाळी तिकडे उतरलंच तर पाणी छातीशी येईल. बंदराचं छापील वेळापत्रक जास्त अचूक असतं आणि तेही जवळ असावंच, पण हा हिशेब ज्याला तोंडपाठ नाही त्याने पंचवीस मुलांना खाडीच्या चिखलात उतरवू नये. शिबिराच्या तारखा ठरवताना पंचांग उघडणारा प्रमुख अंधश्रद्धाळू नव्हे, जबाबदार असतो.

आता उन्हाविषयी. कोकणात पारा विदर्भासारखा ४५ वर जात नाही, म्हणून इथला उन्हाळा सुसह्य आहे असा समज आहे. हवामान खात्याचे निकष पाहिले तरी तो खोटा ठरतो: उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंशांची अट आहे, किनाऱ्यावर ३७ अंशांची. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी याच जिल्ह्यात, खारघरच्या मैदानावर, भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. ती माणसं खोदकाम करत नव्हती, बसलेली होती. तेव्हा शिबिराचं वेळापत्रक उन्हाने ठरवावं, उत्साहाने नव्हे. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यविषयक सरकारी संस्थेची शिफारस अशी आहे, की उन्हातल्या कामावर नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या एक पंचमांशच राबवावं आणि रोज एकेक पंचमांश वाढवत न्यावं. सात दिवसांच्या शिबिराला हे लावून पाहा: पहिल्या चार दिवसांचं मिळून दोन दिवसांचं काम, पुढचे तीन दिवस पूर्ण, एकूण पाच दिवसांचं काम. अहवालात सात दिवसांचा आकडा हवा असेल तर तो कुणाच्या तरी तब्येतीतून काढावा लागेल. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, मीठ घातलेलं ताक किंवा कोकम सरबत, आणि ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यावर सगळ्यांत जास्त लक्ष. जोडीजोडीने काम द्यावं. जोडीदार असंबद्ध बोलू लागला किंवा चालताना झोकांड्या खाऊ लागला तर ताबडतोब सावली, अंगावर पाणी आणि दवाखाना.

दगड उचलण्यालाही असाच नियम हवा. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं असतं आणि लाल विंचू असतो. या विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं, विशेषतः मुलं, मरत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातून या मृत्यूंचा अभ्यास सुरू केला, रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं, आणि शंभरातले तीस-चाळीस मृत्यू एकाच्या आसपास आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण ते वेळेत मिळायला हवं. त्यामुळे सर्वांत जवळचं, औषध हाताशी असलेलं रुग्णालय कोणतं, तिथवर गाडीला किती वेळ लागतो आणि रात्री गाडी कोण काढणार, हे शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी सर्वांना सांगितलेलं असावं. दगड पहारीने आधी स्वतःच्या विरुद्ध बाजूला उलटायचा, मग हात लावायचा. हातात जाड मोजे, पायात बूट. मुंबई-पुण्याहून सँडल घालून आलेल्याला त्या दिवशी रोपवाटिकेत पिशव्या भरायला बसवावं. त्यात शिक्षा काही नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप रास्त आहे: इतकी काळजी घेऊन पाच दिवसांचंच काम पदरी पडत असेल, तर मुलांच्या प्रवासाचे आणि जेवणाचे पैसे गावातल्या मजुरांना देऊन तेच काम जास्त आणि चांगलं होणार नाही का? घनमीटरमध्ये मोजलं तर होईल, हे मान्यच करायला हवं. त्याहून टोकदार प्रश्न असा, की मुलांच्या फुकट श्रमाने कुणाची मजुरी तर बुडत नाही ना? महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये. जंगलातली खड्डे-चरांची कामं ही अनेक घरांची उन्हाळ्याची कमाई आहे. रायगडातली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवरून परततात ती याच सुमारास. म्हणून ज्या कामाला मजुरीचं मस्टर निघू शकतं ते काम शिबिराने घेऊ नये, आणि शिबिरात गावातल्या जाणत्या माणसाला दिवसाची पूर्ण मजुरी देऊन शिकवणारा म्हणून घ्यावं. यात नवं काही नाही. अमेरिकेत १९३३ ते १९४२ या मंदीच्या काळात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरमधून सुमारे ३० लाख तरुणांनी जंगलात काम केलं आणि ३०० कोटींच्या आसपास झाडं लावली. त्या आकड्यांचं कौतुक सगळेच करतात. त्यामागच्या दोन गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत: तिथे भरतीची मुदत सहा महिन्यांची होती, आणि शहरी पोरांना कुऱ्हाड धरायला शिकवण्यासाठी आसपासची अनुभवी माणसं पगारी नेमलेली होती.

जाणत्या माणसाचं काम फक्त पहार धरायला शिकवणं नाही. मे महिन्यात डोंगराच्या पायथ्याला धूर दिसला की शहरी मुलं ‘वणवा’ म्हणून धावतात. तो बहुतेकदा भाताच्या रोपासाठी भाजलेला राब असतो. पाला, गवत, शेण आणि मातीचे थर देऊन भाजलेल्या या वाफ्याशिवाय इथली भातशेती पिढ्यान्‌पिढ्या झालेली नाही. ब्रिटिश जंगलखात्याने राबासाठी टहाळ तोडण्यावर बंधनं आणली तेव्हा ठाण्यात आणि कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. राब आणि वणवा यांतला फरक न कळता शेतकऱ्याला निसर्गप्रेमाचं व्याख्यान देणारं शिबिर पुढच्या वर्षी त्या गावात पाय ठेवू शकत नाही, आणि ठेवूही नये.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे, म्हणून जास्त चिवट. स्वतःच्या हाताने लावलेल्या झाडाशी मुलांचं नातं जडतं, गाळ उपसून काय जडणार? याला उत्तर म्हणून एक काम पुढे ठेवतो, जे माझ्या मते उन्हाळी शिबिराचं मुख्य काम असायला हवं आणि जवळपास कुठेच होत नाही: गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांची मोजणी. पहिला उन्हाळा ओलांडत आलेलं रोप जगलं की नाही हे कळायची नेमकी वेळ मे हीच आहे. तीन मीटर अंतराने लावलेल्या एका हेक्टरमध्ये अकराशे रोपं असतात. सगळी मोजायची गरज नाही, दर दहावी ओळ पुरे. दोन गटांनी तीच ओळ वेगवेगळी मोजायची आणि आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजायची. इथे नवखा हात चुकतो तो हमखास एका ठिकाणी: ऐन किंवा सागाचं पानगळ झालेलं रोप तो मेलेलं धरतो. नखाने सालीवर बारीक ओरखडा काढला की आत हिरवं दिसतं. शेंडा वाळलेला असला तरी बुडाशी हिरवं असेल तर रोप जिवंत. तीन खाती करायची: जिवंत, बुडाशी जिवंत, मेलेलं. मेलेल्याच्या शेजारी कारणही लिहायचं: गुरांनी खाल्लं, आग लागली, वाळवी लागली की पाण्याविना वाळलं. जिवंत रोपाभोवती पाल्याचं आच्छादन घालायचं, मोडलेलं काट्यांचं कुंपण सावरायचं. सकाळचे तीन तास, ताकदीचं काम नाही, चुकलं तर पुन्हा मोजता येतं. तिन्ही चाळण्यांतून ते सहज उतरतं. ओळीतलं रोप वाकून, ओरखडा काढून पाहिलेल्या मुलाचं त्या जागेशी जडतं ते नातं फोटोपुरत्या खड्ड्याशी जडणाऱ्या नात्याहून खरं असतं, कारण झाड मरतं कसं हे त्याने पाहिलेलं असतं.

अशी मोजणी कुणाला अडचणीची वाटेल, ही शंकाही खोटी नाही. शंभरातली चाळीसच जगली असा कागद तयार झाला तर तो कुणाच्या टेबलावर ठेवायचा? पहिल्यांदा बीटच्या वनरक्षकाच्याच, आणि आरोपाच्या सुरात नाही. नांगे भरायला रोपं किती लागतील हे त्याला जूनपूर्वी हवंच असतं. तो आकडा ओळीनिशी आणि कारणांनिशी आयता मिळाला तर शिबिर त्याच्या उपयोगी पडलं. खाजगी किंवा ग्रामपंचायतीच्या जागेवरच्या लागवडीला हेच लागू. वर्तमानपत्राला बातमी देण्याची घाई केली की पुढच्या वर्षीची परवानगी संपते, आणि मोजणी एका वर्षाची असेल तर तिला फारसा अर्थ नसतो. तीच ओळ तीन वर्षं मोजली तर असतो.

उन्हाळाच कशाला, हिवाळ्यात शिबिर घ्या, असं कोणी म्हणेल. जमत असेल तर जरूर घ्यावं. ओढ्यांना पाणी असताना, ऑक्टोबर ते डिसेंबरात, मातीने भरलेल्या पोत्यांचे वनराई बंधारे घालता येतात, जाळरेषा काढता येतात, हवा कामाची असते. राष्ट्रीय सेवा योजनेची कित्येक शिबिरं त्याच काळात होतात ते उगीच नाही. पण लांब सुट्टी मेमध्येच असते, आणि गाणीतला गाळ, कांदळवनातलं प्लॅस्टिक, रोपांची मोजणी ही कामंही मेचीच आहेत. तेव्हा वाचकांपैकी कुणी पुढच्या उन्हाळ्यात रायगडच्या किनाऱ्यावर तरुणांचा गट घेऊन जाणार असेल, तर त्याने जानेवारीतच संबंधित वनक्षेत्रपालांना पत्र लिहावं. पत्रात ‘आम्हाला झाडं लावायची आहेत’ असं न लिहिता ‘मेमध्ये तुम्हाला पंचवीस हात कुठे कमी पडतात’ असं विचारावं, आणि गेल्या पावसाळ्यातल्या लागवडीचा नकाशा मागावा.